विश्लेषण : पडद्यावर टॉवर हिरवा, पाड्यावर रेंज शून्य, सॉफ्टवेअर बदलल्यावर नेटवर्कची देखरेख आंधळी का होते?

मोखाडा आणि जव्हारमध्ये रेंजसाठी टेकडी चढणे कुणालाच नवे नाही. करोनाकाळात २०२० मध्ये शाळा ‘ऑनलाइन’ झाल्या तेव्हा या दोन तालुक्यांतील मुलांची शाळा बहुतेक ठिकाणी बंदच होती. त्यानंतर टॉवर वाढले, फायबर आले, फोरजी आले. तक्रारी मात्र थांबलेल्या नाहीत. त्यांना मिळणारे उत्तरही ठरलेले आहे : ‘आमच्याकडे टॉवर सुरू दाखवतो आहे.’ हे उत्तर प्रत्येक वेळी खोटे असते असे नाही. उत्तर देणाऱ्याच्या पडद्यावर टॉवर खरोखरच सुरू दिसत असू शकतो. पडदा आणि पाडा यांत ही तफावत कुठून येते आणि सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतरच ती का वाढते, याचा हा आढावा.

देखरेख म्हणजे नेमके काय?

कुठल्याही कंपनीकडे प्रत्येक टॉवरपाशी माणूस बसवण्याइतकी माणसे नसतात. शेकडो किलोमीटर दूरच्या नियंत्रण कक्षात काही संगणक असतात. त्यांवरील छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला हाक मारतात : आहेस का? किती वाहतूक चालू आहे? वीज आहे की बॅटरीवर चालला आहेस? ही विचारपूस करण्याची एक सर्वमान्य भाषा आहे, ‘एसएनएमपी’. ती १९८८ पासून वापरात आहे आणि आजही जगभरातले राउटर, स्विच, रेडिओ त्याच भाषेत उत्तर देतात. विचारपूस साधारण दर पाच मिनिटांनी होते.

उत्तर आले की स्क्रिप्ट ते वाचते आणि एक अंक परत करते. १९९९ मध्ये आलेल्या आणि पुढे ‘नागिओस’ या नावाने जगभर पसरलेल्या मुक्त प्रणालीने यासाठी जी पद्धत रूढ केली ती आजही चालते : ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे माहीत नाही. या अंकांवरून पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल किंवा करडा ठिपका उमटतो. लाल ठिपका उमटला की कुणाला तरी संदेश जातो, तो गाडी काढतो आणि दुरुस्तीला निघतो. म्हणजे सूर्यमाळच्या डोंगरावर माणूस कधी पोहोचणार, हे आधी त्या अंकावर ठरते.

यातला ‘३’ लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर असते. पण रोज शंभर करडे ठिपके दिसू लागले की कक्षातली माणसे वैतागतात आणि कुणीतरी एका ओळीत ठरवून टाकतो की ३ आले तर ते ० समजावे. कामाच्या ताणात केलेली ही तात्पुरती सोय पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते.

सॉफ्टवेअर बदलल्यावर काय बिघडते?

अद्ययावतीकरण दोन बाजूंनी होते. कधी टॉवरवरच्या यंत्राचे सॉफ्टवेअर बदलते, कधी नियंत्रण कक्षातल्या संगणकाचे. दोन्ही वेळा मधली स्क्रिप्ट मात्र जुनीच असते. ती पाच-सात वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली असते. तो माणूस आता दुसऱ्या कंपनीत असतो.

सर्वात साधा बिघाड शब्दांचा. समजा, स्क्रिप्ट यंत्राकडून सर्व जोडण्यांची यादी मागवते आणि त्यात ‘डाउन’ हा शब्द किती वेळा आला ते मोजते. शून्य वेळा आला तर सगळे ठीक. नव्या आवृत्तीत कंपनीने ‘डाउन’ऐवजी ‘इनॅक्टिव्ह’ लिहायला सुरुवात केली. आता निम्म्या जोडण्या तुटल्या तरी ‘डाउन’ शून्य वेळाच येणार आणि ठिपका हिरवाच राहणार. यंत्राने लपवाछपवी केलेली नाही, स्क्रिप्टनेही सांगितलेलेच काम केले. याहून वाईट प्रकार म्हणजे यंत्राने उत्तरच दिले नाही, यादी रिकामी आली, आणि रिकाम्या यादीतही ‘डाउन’ शून्य वेळाच सापडला. टॉवर पूर्ण मेलेला असताना पडदा हिरवा राहण्याचे हे जुने, पण अजूनही सापडणारे कारण आहे.

दुसरा बिघाड क्रमांकांचा. राउटरला अनेक जोडण्या असतात आणि प्रत्येकीला आत एक क्रमांक असतो. स्क्रिप्ट ‘७ क्रमांकाची वाहतूक सांग’ असे विचारते. सॉफ्टवेअर बदलून यंत्र पुन्हा सुरू झाले की अनेकदा हे क्रमांक नव्याने वाटले जातात. कालपर्यंत ७ म्हणजे खोडाळ्याकडे जाणारी जोडणी असेल, तर आज ७ म्हणजे दुसऱ्याच बाजूची. आलेख छान रेखाटला जात राहतो, वर नाव खोडाळ्याचे आणि आत आकडे भलत्याच गावाचे. या क्रमांकांवर विसंबू नये, जोडणीच्या नावावर विसंबावे, हा धडा प्रत्येक पिढीतला अभियंता एकदा तरी ठेच लागून शिकतो.

तिसरा प्रकार जरा गमतीचा आहे आणि तो अद्ययावतीकरण यशस्वी झाल्यामुळेच घडतो. जुन्या पद्धतीचा वाहतूक-मापक ३२ बिटचा असतो. तो ४२९ कोटी ४९ लाख बाइटपर्यंत मोजतो आणि गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखा पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल तर हा काटा सुमारे ३४३ सेकंदांत एक फेरी मारतो. स्क्रिप्ट दर ३०० सेकंदांनी विचारते, त्यामुळे हिशेब जमतो. आता जोडणी एक गिगाबिटची केली. काटा ३४ सेकंदांत फेरी मारू लागला. दोन विचारणांच्या मध्ये तो आठ फेऱ्या पूर्ण करून नवव्यात शिरलेला असतो आणि स्क्रिप्टला फक्त शेवटचा तुकडा दिसतो. परिणामी पूर्ण एक गिगाबिट भरून वाहणारी जोडणी पडद्यावर अवघी ८४ मेगाबिट दिसते. कक्षातला माणूस म्हणतो, ‘क्षमता दहापट वाढवली, वापर तर दहा टक्केही नाही.’ आणि पाड्यावर व्हिडीओ तर सोडाच, साधा फॉर्मही उघडत नाही. ६४ बिटचा मापक वापरला की हा प्रश्न सुटतो. त्यासाठी स्क्रिप्टमधली एक ओळ बदलावी लागते.

बाकीची कारणे नेहमीची. नव्या आवृत्तीने सुरक्षेसाठी जुनी, उघडी विचारपूस बंद केली आणि सांकेतिक पद्धत सक्तीची केली. स्क्रिप्टचा पासवर्ड कालबाह्य झाला. ‘पायथन’ या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि नव्या संगणकावर ती नसल्याने जुन्या स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर अडखळल्या. किंवा स्क्रिप्ट हाताने चालवली तर उत्तम चालते, पण रात्री आपोआप चालते तेव्हा तिला आवश्यक फाइल सापडत नाही, कारण आपोआप चालवणाऱ्या खात्याला त्या फोल्डरची परवानगी नव्या आवृत्तीत मिळालेली नाही.

या सगळ्यांत समान धागा असा की नेटवर्क तुटले तर बोंब होते, देखरेख तुटली तर शांतता पसरते.

जगात असे मोठे प्रसंग घडले आहेत का?

घडले आहेत, आणि अलीकडचा प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. १८ सप्टेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियातील ‘ऑप्टस’ या कंपनीने मध्यरात्रीनंतर फायरवॉलचे अद्ययावतीकरण केले. त्यानंतर साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या भागांत ‘ट्रिपल झिरो’ हा आपत्कालीन क्रमांक लागेनासा झाला. नेहमीचे फोन मात्र व्यवस्थित चालू होते. त्यामुळे कुठलाही धोक्याचा इशारा वाजला नाही. सुमारे तेरा तास हे चालले. या काळात शेकडो आपत्कालीन कॉल वाया गेले आणि काही मृत्यूंशी या खंडाचा संबंध जोडला गेला. कंपनीला बिघाड समजला तो एका ग्राहकाच्या फोनवरून. त्याआधीही काही ग्राहकांनी कॉल सेंटरला फोन करून हेच सांगितले होते, पण ते निरोप तांत्रिक विभागापर्यंत पोहोचलेच नव्हते.

म्हणजे देखरेखीच्या दोन यंत्रणा होत्या, एक संगणकाची आणि एक माणसांची. पहिली आंधळी झाली, दुसरीचे कुणी ऐकले नाही.

कॅनडातील ‘रॉजर्स’चा ८ जुलै २०२२ चा प्रसंग वेगळ्या जातीचा. मुख्य नेटवर्कच्या अद्ययावतीकरणाचे सात टप्पे होते. सहाव्यात एका राउटरवरची गाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा पूर लोटला आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. पण खरा धडा पुढे आहे. बिघाड शोधण्यासाठी अभियंत्यांना ज्या व्यवस्थापन नेटवर्कातून यंत्रांपर्यंत पोहोचायचे होते, ते त्याच मुख्य नेटवर्कवर अवलंबून होते. तेही पडले. कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच कंपनीचे, म्हणजे एकमेकांशी बोलणेही अवघड. कारण शोधायला सुमारे १४ तास लागले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक तासन् तास बंद पडले होते, तेव्हाही देखभालीतली एक चूक झाली होती. ती रोखण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातच दोष होता.

मोखाड्यात हा प्रश्न अधिक टोकदार का?

कारण येथे नेटवर्कची रचना साखळीसारखी आहे. शहरात एक टॉवर बंद पडला तर बाजूचे दोन त्याचा भार उचलतात. डोंगराळ भागात एका टेकडीवरचा टॉवर पुढच्या टेकडीवरच्या टॉवरला मायक्रोवेव्ह रेडिओने किंवा एकेरी फायबरने जोडलेला असतो. मधला दुवा तुटला की पुढचे सगळे गाव बाहेर. फायबरच्या बाबतीत ही त्रुटी सरकारनेही मान्य केली आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेत ग्रामपंचायती एका ओळीत जोडल्या गेल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात, म्हणजे सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या योजनेत, ही ओळ बदलून वर्तुळाकार जोडणी करायचे ठरले. एका बाजूने फायबर तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक जावी, हा हेतू. फायबर कुठे तुटली हे दुरून कळावे यासाठीची व्यवस्थाही त्यात आहे.

दुसरे कारण वीज. पावसाळ्यात वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो, बॅटरी संपली की जनरेटरवर, आणि डिझेल नसेल तर बंद. ग्रामपंचायतीतल्या फायबरच्या डब्याला तर अनेकदा बॅटरीचाही आधार नसतो. येथे तंत्रज्ञानातली एक सुंदर सोय सांगण्यासारखी आहे. या डब्याची वीज अचानक गेली तर विझण्यापूर्वीच्या क्षणार्धात तो एक शेवटचा संदेश पाठवतो. अभियंते त्याला ‘मरणाचा उसासा’ म्हणतात. हा उसासा आला तर समजायचे की वीज गेली, न येताच डबा गप्प झाला तर फायबर तुटली. पहिल्या प्रकरणात महावितरणला विचारायचे, दुसऱ्यात फायबर जोडणाऱ्याला पाठवायचे. अद्ययावतीकरणानंतर स्क्रिप्ट हा संदेश ओळखेनाशी झाली तर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. मग तोरंगण घाटाच्या पावसात फायबर जोडणारा माणूस निघतो, आणि पोहोचल्यावर त्याला कळते की गावात फक्त वीज नव्हती.

तिसरे कारण म्हणजे येथे वापरकर्ते कमी. मोबाइल क्षेत्रात ‘झोपलेला सेल’ असा शब्द आहे. टॉवरचा एखादा भाग स्वतःला चालू म्हणवतो, विचारणांना उत्तरही देतो, पण एकही कॉल वाहून नेत नाही. तो ओळखण्याचा मार्ग एकच : नेहमी या वेळी इथे किती वाहतूक असते आणि आज किती आहे, हे ताडून पाहणे. विरार स्थानकाजवळच्या टॉवरवर सकाळी आठला शून्य वाहतूक दिसली तर पाच मिनिटांत खळबळ उडेल. आसे किंवा दांडवळच्या परिसरात एरवीच वाहतूक तुरळक. तिथे तीन तास शून्य दिसले तर ‘लोक शेतावर गेले असतील’ असाच अर्थ निघतो. स्क्रिप्टला भातलावणी कळत नाही, तशीच रेंज गेल्याचीही कळत नाही.

बदलाचा वेगही याच काळात वाढला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज नसलेल्या २४ हजार ६८० गावांसाठी २६ हजार ३१६ कोटी रुपयांचा फोरजी प्रकल्प मंजूर केला. तो बीएसएनएलकडे आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून देशी बनावटीच्या फोरजी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्यात रेडिओ तेजस नेटवर्क्सचे, गाभा सी-डॉटचा आणि जोडणीचे काम टीसीएसकडे. देशी तंत्रज्ञान ही मोठीच गोष्ट आहे. पण नव्या जाळ्यात सुरुवातीची काही वर्षे सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या वारंवार बदलतात. तसे होणे स्वाभाविक आहे आणि गरजेचेही. प्रत्येक आवृत्तीबरोबर देखरेखही तपासली जाते का, हा प्रश्न म्हणूनच आता विचारायचा.

नियामकाला हा खंड दिसतो का?

येथे गोष्ट तंत्रज्ञानाकडून हिशेबाकडे वळते. ‘ट्राय’चे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये निघाले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव वैधता द्यावी लागते. प्रीपेडची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून आली. नैसर्गिक आपत्तीतला खंड यातून वगळलेला आहे. नियम चांगला आहे. अडचण ‘जिल्हा’ या शब्दात आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात एकीकडे वसई-विरार आहे आणि दुसरीकडे जव्हार-मोखाडा. २०११ च्या जनगणनेत वसई तालुक्याची लोकसंख्या १३ लाखांहून अधिक होती, मोखाड्याची सुमारे ८३ हजार. मोखाड्यातले सगळे टॉवर दोन दिवस बंद राहिले तरी ‘पालघर जिल्ह्यात सेवा खंडित’ असे कुठल्याही आलेखात दिसणार नाही.

सरासरीचाही असाच खेळ आहे. २००९ पासूनच्या नियमांत टॉवर बंद राहण्याची एकूण मर्यादा २ टक्के होती. शिवाय महिन्यात २४ तासांहून अधिक बंद राहणारे टॉवरही २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, अशी दुसरी अट. एखाद्या परिमंडळात एक हजार टॉवर आहेत असे धरा. त्यातले ९८० महिनाभर एक मिनिटही बंद पडले नाहीत आणि उरलेले २० पूर्ण महिना बंद होते. दोन्ही अटी बरोबर पाळल्या गेल्या! आणि मोखाडा ज्यात येतो ते महाराष्ट्र परिमंडळ गोव्यासकट आहे. नव्या नियमांनी तिमाहीऐवजी महिन्याची मोजणी आणली आणि कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले, ही सुधारणा आहेच. पण मोजणीत घेतला जाणारा कच्चा माल तीच आकडेवारी असते जी देखरेखीच्या स्क्रिप्ट गोळा करतात. स्क्रिप्ट हिरवे म्हणाली तर नियामकाच्या तक्त्यातही हिरवेच.

‘नोंद नाही’ म्हणजे ‘अडचण नाही’ का?

मोखाडा-जव्हारला हा प्रश्न मोबाइल येण्याच्या आधीपासून परिचित आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यूंची मालिका झाली, तेव्हाच राज्याला कळले की कागदावर सुरळीत दिसणारी यंत्रणा पाड्यांपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. आज तो कागद फोनमध्ये गेला आहे. मार्च २०२१ पासून अंगणवाड्यांच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर भराव्या लागतात. त्याच वर्षी राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. दोन जीबी रॅमच्या त्या फोनवर अ‍ॅपची नवी आवृत्ती नीट चालत नव्हती आणि अ‍ॅप मराठीत नव्हते. तेव्हा ‘सेविका काम करायला तयार नाहीत’ अशीही टीका झाली. प्रत्यक्षात त्या जे सांगत होत्या ते कुठल्याही नेटवर्क अभियंत्याला चटकन समजले असते : वरचे सॉफ्टवेअर बदलले, खालचे यंत्र तेच राहिले.

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. आता साखळी पाहा. टॉवर ‘झोपलेला’ आहे, पडद्यावर हिरवा आहे. सेविकेच्या फोनवर चेहरा जुळत नाही, वाटपाची नोंद होत नाही. जिल्ह्याच्या तक्त्यावर त्या अंगणवाडीसमोर शून्य येते. हे शून्य ‘वाटप झाले नाही’चे आहे, ‘नोंद झाली नाही’चे आहे की ‘अ‍ॅप उघडलेच नाही’चे, हे तक्ता सांगत नाही. नोटीस मात्र सेविकेला येते. तिच्या बाजूने साक्ष देऊ शकेल अशी एकच नोंद असते, त्या वेळी टॉवर बंद होता ही, आणि नेमकी तीच नोंदली गेलेली नसते.

रेशनच्या ई-पॉस यंत्रांबाबत २०२४ च्या पावसाळ्यात राज्याने याचा अनुभव घेतला. सर्व्हर कोलमडल्याने दुकानांपुढे रांगा लागल्या आणि अखेर ऑफलाइन वाटपाला परवानगी द्यावी लागली. तो बिघाड राज्यभराचा होता म्हणून सर्वांना दिसला. एका पाड्यापुरता असता तर दुकानदार आणि कार्डधारक यांच्यातल्या भांडणावरच तो मिटला असता.

मग बिघाड शोधायचा कसा?

जाणकार अभियंता पहिली गोष्ट करतो ती अगदी घरगुती आहे. तो स्क्रिप्ट स्वतःच्या नव्हे, तर ज्या खात्यातून ती रात्री आपोआप चालते त्याच खात्यातून हाताने चालवून पाहतो. परत आलेला अंक आणि छापलेला मजकूर दोन्ही बघतो. मजकूर ‘चूक झाली’ म्हणतो आणि अंक ० येतो, असे दृश्य दिसले की अर्धा शोध संपतो. मग यंत्राने दिलेले कच्चे उत्तर, अद्ययावतीकरणापूर्वीचे आणि नंतरचे, शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहायचे. हे करता यावे म्हणून बदलाच्या आधी ते उत्तर जपून ठेवलेले असावे लागते आणि नेमके तेच राहून जाते. सगळे चालू असताना कोण जपून ठेवतो?

दुसरी गोष्ट, नवी देखरेख सुरू केल्यावर जुनी लगेच बंद करायची नाही. दोन्ही काही आठवडे समांतर चालवायच्या. दोघींचे उत्तर जुळत नाही तिथे माणूस पाठवायचा.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि ती करायला सर्वाधिक टाळाटाळ होते. बदलानंतर मुद्दाम एक जोडणी बंद करून पाहायची. इशारा वाजला तर देखरेख जिवंत आहे. नाही वाजला तर ती मेलेली आहे, आणि हे आपल्याला एखाद्या बाळंतिणीच्या नातेवाइकांच्या तक्रारीतून नव्हे तर चाचणीतून कळले. चालू सेवा मुद्दाम बंद करायला वरिष्ठांची परवानगी मिळवणे कठीण जाते, हे खरे. पण रात्री दोन वाजता, दोन मिनिटांसाठी ते करता येते. ऑप्टसच्या प्रसंगात बदलानंतर प्रत्येक राज्यातून आपत्कालीन क्रमांकाचा एकेक चाचणी-कॉल लावून पाहिला असता तर तेरा तास लागले नसते.

याला जोडून आणखी एक पथ्य आहे. देखरेख करणाऱ्या संगणकावरही कुणीतरी देखरेख ठेवायची. तो दर काही मिनिटांनी ‘मी जागा आहे’ असा निरोप दुसऱ्या, वेगळ्या नेटवर्कवरच्या यंत्राला देतो. निरोप थांबला की ते दुसरे यंत्र ओरडते. इथे निरोप न येणे हाच इशारा असतो. रॉजर्सच्या घटनेनंतर ‘वेगळ्या नेटवर्कवरच्या’ हे दोन शब्द ठळक करून लिहावेत असेच आहेत.

गावाकडून काय करता येईल?

तोंडी तक्रार कुठेच उरत नाही. कंपनीच्या १९८ या क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवावा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीतील अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तक्रार करताना ‘रेंज नाही’ एवढेच सांगण्याऐवजी तीन गोष्टी सांगितल्या तर ती तांत्रिक विभागापर्यंत जाण्याची शक्यता वाढते : वेळ, पाड्याचे नाव आणि फोनवर दांड्या दिसतात की नाहीत. दांड्या पूर्ण आहेत पण फोन लागत नाही, ही माहिती अभियंत्यासाठी मोलाची आहे, कारण ती थेट झोपलेल्या सेलकडे किंवा तुटलेल्या दुव्याकडे बोट दाखवते. दांड्याच नाहीत याचा अर्थ टॉवरच बंद असण्याचा संभव जास्त.

दांड्या दिसत असण्यातला धोकाही समजून घ्यावा. आपल्या कंपनीची रेंज अजिबात नसेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी फोन तिथे उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याचा आधार घेऊ शकतो. पण आपले जाळे जिवंत असल्याचे भासत असेल तर तो बहुधा त्यालाच धरून राहतो. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला फोन वापरणे हा मार्ग उरतो.

ग्रामपंचायत आणि अंगणवाडी यांच्यासाठी साध्या वहीतली नोंद उपयोगी ठरेल : आज किती वाजता रेंज गेली, किती वाजता आली, त्या वेळी वीज होती का. महिनाभराची अशी पाने खोडाळा, मोऱ्हांडे, सायदे अशा चार-पाच गावांतून एकत्र आली आणि एकाच वेळच्या नोंदी जुळल्या, तर मधला दुवा कोणता हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. कंपनीच्या पडद्यावर त्या तासांत कोणता रंग होता, ही विचारणा मग तहसील कार्यालयाच्या आढावा बैठकीत तारीख आणि वेळेसह करता येईल. बीएसएनएल ही सरकारी कंपनी असल्याने तिच्याकडे हीच माहिती माहिती अधिकारातूनही मागता येते.